मुकं उत्तर

आमच्या सरांबरोबर चहा प्यायचा म्हणजे आधी उलटतपासणी ऐकायची. मी त्यांच्याकडं कामाला लागलो त्याच दिवशी ते मला आष्टीच्या स्टँडसमोरच्या टपरीवर घेऊन गेले, बाकावर बसले आणि चहा मागितलाच नाही. टपरीवाल्याला म्हणाले, "मी काहीच सांगितलं नाही, तर तू काय देशील?"

टपरीवाला हातातली गाळणी तशीच धरून उभा राहिला. "च्या देईन की."

"साखरेचा?"

"मंग? समद्याला साखरेचाच आस्तो."

"आणि एखाद्याला साखर चालत नसेल तर?"

"तर त्यानं सांगावं, मास्तर! तोंड न्हाई का त्याला?"

"तोंड आहे. पण तो विसरला. किंवा लाजला. किंवा तू न विचारता साखर घालतोस, हे त्याला ठाऊकच नाही. घातलेली साखर तुला काढता येते का?"

"न्हाई."

"आणि न घातलेली मागाहून घालता येते?"

"येती."

"मग काही न सांगितल्यास बिनसाखरेचा."

टपरीवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. 'हे तुमचे कोण?' असं त्याला विचारायचं होतं, आणि खरं सांगतो, मलाही तेच कुणाला तरी विचारायचं होतं. त्या दिवसापासून सरांना त्या टपरीवर बिनसाखरेचा चहा मिळू लागला. गंमत पुढंच आहे. सरांना चहा गोडच आवडायचा! पण साखर घाल असं सांगणं त्यांना कधी जमलं नाही. ते कडू घोट घेत, चेहरा वाकडा करत, आणि आपलं तत्त्व जिंकल्याच्या समाधानात ग्लास खाली ठेवत.

कुणीच काही बोललं नाही तर जे आपोआप घडतं, त्याला ते 'मुकं उत्तर' म्हणत. जगातल्या प्रत्येक वस्तूला, माणसाला आणि संस्थेला एक मुकं उत्तर असतं, असा त्यांचा सिद्धांत होता. आणि ते बहुतेक वेळा कुणीतरी आळसानं ठरवून टाकलेलं असतं, अशी त्यांची तक्रार होती. कुणी लग्नपत्रिका घेऊन आलं की सर अक्षता हातात धरूनच विचारत, "मी काही कळवलं नाही, तर माझं ताट धरणार की नाही धरणार?" पाहुणा गडबडून म्हणायचा, "तुमी यायलाच पाहिजे, सर." "ते आमंत्रण झालं. मी मुकं उत्तर विचारतोय."

ते मूळचे लिंबागणेशचे. बीडच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. नोकरी सोडली ती याच पायी. तिथल्या बैठकीत प्राचार्य म्हणायचे, "कुणाचा विरोध नसेल तर ठराव मंजूर." लगेच सर उभे. "गप्प बसलेल्यांनी होकार दिला असं कशावरून? त्यातले काही झोपलेले आहेत." मग झोपलेल्यांना उठवून एकेकाचं मत घ्यावं लागे. बैठका इतक्या लांबू लागल्या की शेवटी सरांनीच राजीनामा दिला, आणि तो मात्र कुणाचंही मत न घेता मंजूर झाला.

घरी काकूंपुढं त्यांचं काही चालत नसे. काकूंनी संध्याकाळच्या जेवणाचं मुकं उत्तर लग्नानंतर लवकरच ठरवून टाकलं होतं: पिठलं. दिवस मावळायच्या आत सरांनी काही सांगितलं तर ते, नाहीतर पिठलं-भाकरी. सर सांगत नसत. एकदा माझ्यादेखत त्यांनी ताटाकडं बघून विचारलं, "हे ठरवताना मला विचारलं होतं का?"

"इचारलं होतं," काकू म्हणाल्या. "तुमी गप बसला होता."

नोकरी सुटल्यावर त्यांनी आष्टीत खताच्या दुकानावर वरच्या खोलीत कॉम्प्युटरचं वर्कशॉप काढलं. ते दुकान माझ्या वडिलांचं. त्या काळात एक लाट आली होती. परवाने गेले, नाक्यानाक्यावर एसटीडीचे बूथ आले, परदेशी थंड पेयांच्या बाटल्या शेजारच्या कडा गावच्या बाजारात दिसायला लागल्या, आणि ज्याच्या पोराला दुसरं काही जमलं नाही तो त्याला कॉम्प्युटर क्लासला घालू लागला. मी त्यातलाच एक. दुसरा मन्मथ, कापडवाल्या अप्पांचा मुलगा. गळ्यात लिंग, डोक्यात वारं. प्रोग्राम लिहिण्यात माझ्या दुप्पट वेगाचा, आणि थांबण्यात शून्य. सर खुर्चीत मागं रेलून विचार करत तोवर हा काम करून, चहा पिऊन, शेजारच्या शिंप्याशी भांडून परत आलेला असे.

आमच्याकडं मोठं गिऱ्हाईक एकच, एक साखर कारखाना. नाव सांगत नाही. तिथल्या संचालकांची नातवंडं आता वाचायला शिकलीत. तिथल्या वजनकाट्यावर गाड्यांना नंबर द्यायचा, वजन घ्यायचं आणि पावती छापायची, एवढा आमचा प्रोग्राम. त्याची एक प्रत कारखान्यातल्या मशीनवर, एक आमच्याकडं. मन्मथ तिथं जाऊन तिथल्या अडचणी तिथंच दुरुस्त करी. मी इथं बसून नव्या गोष्टी घाली. मग फ्लॉपी एसटीनं यायची-जायची आणि दोन्ही प्रती एक करायच्या. सुरुवातीला आमची रीत सोपी होती: नंतर आलेली फ्लॉपी खरी. ती आधीच्या प्रतीवर ओतायची, झालं.

पहिल्याच हंगामात एक प्रकार घडला. रांगेतून एखादी गाडी मोडल्यामुळं बाजूला काढावी लागली, तर तिचा नंबर राखून ठेवायची सोय मी केली होती. नेमक्या त्याच जागी मन्मथनं दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरसाठी काही बदल केला. दोन्ही कामं बरोबर होती. पण त्याची फ्लॉपी नंतर आली, आणि माझी सोय पुसली गेली. कुणाला कळलंही नाही. सर सहज म्हणून काट्यावर गेले तेव्हा फाटकाशी एक ऊसतोडणारी बाई बैलांच्या सावलीत बसलेली. सकाळी गाडीच्या चाकाची लोखंडी धाव निखळली, ती बसवून आणेपर्यंत तिचा नंबर गेला होता. कारकून म्हणे, मशीनमध्ये तुझी गाडीच नाही.

"सायेब, आमचा लंबर कुनी खाल्ला वं?" तिनं सरांना विचारलं.

सर मला नंतर कितीदा तरी म्हणाले, "तिला दाखवायला माझ्याकडं एक चोरसुद्धा नव्हता."

त्यानंतर त्यांनी स्वतः बसून एक प्रोग्राम लिहिला. नाव 'जुळणी'. दोन प्रती एकमेकींपासून वेगळ्या झाल्या त्या वेळची जुनी प्रत तो जवळ ठेवायचा आणि तिच्याशी दोन्ही नव्या प्रती ताडून पाहायचा. एकानंच बदल केला असेल तर तो निमूटपणे घ्यायचा. उगाच कुणाला त्रास नाही. दोघांनी वेगवेगळ्या जागी केला असेल तर दोन्ही घ्यायचे आणि काय घेतलं ते दाखवायचं. पण एकाच जागी दोघांचे हात पडले असतील तर मशीननं विचारायचं: याचं ठेवू, त्याचं ठेवू, की थांबू?

इथपर्यंत आम्हा तिघांचं एकमत होतं. भांडण लागलं ते पुढच्या गोष्टीवरून. समोरच्या माणसानं काहीच न निवडता नुसतं एंटर दाबलं तर?

"नंतरचं घ्यावं, सर," मन्मथ म्हणाला. "ज्यानं नंतर केलं त्यानं जास्ती इचार केला आसंल."

"नंतर केलं म्हणजे घड्याळ पुढं गेलं. विचार पुढं गेला, हे घड्याळ कधीपासून सांगायला लागलं?"

"मग कारखान्याची प्रत घ्यावी," मी म्हणालो. "गिऱ्हाईक आहे ते."

सरांनी खुर्ची पुढं ओढली. त्यांना रंग चढला की ते असं करत. "नुसतं एंटर कोण दाबतो? ज्याला घाई आहे तो. ज्यानं वाचलेलं नाही तो. इथं काही विचारलंय हेच ज्याला कळलं नाही तो. वाचणारा माणूस काही ना काही निवडेल. त्याची काळजी नको. मुकं उत्तर न वाचणाऱ्यासाठी असतं. म्हणून ते असं पाहिजे की त्यात कुणाचंच काही हरवणार नाही."

"म्हंजी थांबायचं."

"थांबायचं."

"लई थांबंल मग ते, सर. लोक शिव्या देतील."

"शिव्या मला द्या. नंबर त्या बाईला द्या."

आज मी पुण्यात एका बऱ्यापैकी कंपनीत बसतो. नवी पोरं बदल जुळवायची भारी भारी साधनं वापरतात, आणि त्यात मुकं उत्तर काय ठेवायचं हा प्रश्न अधूनमधून माझ्या टेबलावर येतो. पोरांना वाटतं मी फार मोठा विचार करतोय. मी खताच्या वासाची एक खोली आठवत असतो.

तर, जुळणी थांबली की पडद्यावर अक्षरं उमटत. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी: 'थांबलो आहे. दोघांनी हात घातलाय. बोलून घ्या.' त्यापुढची रीत मशीनमध्ये नव्हती, ती आमच्या बाकावर होती. मी आणि मन्मथनं समोरासमोर बसायचं, आणि प्रत्येकानं आधी दुसऱ्याची बाजू मांडायची. मन्मथनं माझा बदल का केला ते सांगायचं, मी त्याचा. समोरचा "हां, असंच" म्हणेपर्यंत स्वतःचं तोंड उघडायचं नाही. सर याला 'पालटून बोलणं' म्हणत. जगात याहून मोठी शिक्षा नसेल.

"याला वाटलं की गाडीचं वजन दोनदा घ्यावं," मन्मथ माझ्याकडं बोट करून सुरू करी. "कावून वाटलं ते त्यालाच म्हाईत."

"कावून ते तूच सांगायचं," सर.

"मला काय म्हाईत, सर? ह्याच्या डोक्यात काय चाललंय ते ह्याच्या बापाला कळंना!"

"त्याच्या बापाचं खालीच दुकान आहे. जाऊन विचारून ये."

आणि मन्मथ खरोखर विचार करायला लागे. मग तो हळूच म्हणायचा, "आरं हां... काट्यावर बैल हालले तर. लेका, हे सांगायचं न्हाई का बे आधी?"

दोन हंगाम असे गेले. मग कारखान्यानं ठरवलं की नव्या हंगामापासून शेतकी खात्यापासून गोडाऊनपर्यंत सगळंच कॉम्प्युटरवर घ्यायचं. हे काम आम्हाला मिळालं तर वर्कशॉप उभं राहणार होतं. गेलं तर कुलूप, मी पुन्हा खाली खताच्या पोत्यांत आणि मन्मथ अप्पांच्या कापडाच्या ठाणांत. चेअरमननी अट एकच घातली होती. हंगामाची पहिली मोळी टाकायच्या दिवशी, सगळ्या सभासदांसमोर, काट्यावरचा प्रोग्राम ते स्वतः सुरू करणार. तो नीट चालला की बाकीचं काम आमचं.

चेअरमनना सगळे आबासाहेब म्हणत, व्हाइस चेअरमनना नाना. मागल्या निवडणुकीपासून दोघांत बोलणं नव्हतं. एकाच गाडीतून उतरत, एकाच व्यासपीठावर बसत, आणि दोघांच्या मधल्या खुर्चीवर हार ठेवलेला असे.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आम्ही दोन्ही प्रती जुळवून स्वच्छ केल्या. मन्मथ कारखान्यावर मुक्कामाला गेला. संध्याकाळी नाना स्वतः आमचा जिना चढून आले. काट्याच्या आवारातली व्यवस्था त्यांच्याकडं होती. म्हणाले, "बैलगाड्या आधी घ्या, ट्रॅक्टर मागून. जनावरं उन्हात हुबी राहत्यात." त्यांचा तो हक्कच होता. मी बदल केला आणि फ्लॉपी सरांच्या पिशवीत ठेवली. कारखान्याला कळवायला फोन लावला, तर लाइन मेलेली. ती बहुतेक मेलेलीच असायची.

सकाळी मांडवात पोचलो तर कॉम्प्युटर व्यासपीठावर, पडद्याला हळदकुंकू, कीबोर्डवर झेंडूच्या पाकळ्या. मन्मथ पाकळ्या फुंकून काढत होता. प्रोग्राम सुरू करायची आज्ञा दिली की आधी फ्लॉपी वाचून जुळणी चालायची आणि मग काट्याचं काम सुरू व्हायचं. सरांनी फ्लॉपी आत सरकवली.

"यात नवीन काय हाय, सर?" मन्मथनं विचारलं.

"गाड्यांचा क्रम. बैलगाड्या आधी. नानांनी सांगितलं."

मन्मथच्या हातातल्या पाकळ्या गळल्या. "तिथंच म्या बी हात घातलाय. पहाटं सचिव आलते. आबासाहेबांचा हुकूम, ट्रॅक्टर आधी. गाळपाला ऊस कमी पडला न्हाई पाहिजे म्हनून."

खाली हलगी वाजायला लागली. आबासाहेब पायऱ्या चढत होते.

"सर, एंटरवर 'नंतरचं' करून द्या," मन्मथ कुजबुजला. "येक शब्द बदलायचाय. माझं नंतरचं हाय, गपगुमान सुरू होईल. नुसता आजचा दिवस!"

"म्हणजे नानांचं म्हणणं नानांच्या समोर पुसायचं, आणि त्यांना कळू द्यायचं नाही."

"मग फ्लॉपीच काढू."

"तेही पुसणंच झालं."

सरांची बोटं कीबोर्डवर होती. तो एक शब्द बदलायला त्यांना किती वेळ लागला असता, मला माहीत आहे. त्यांनी मांडवाबाहेर पाहिलं. गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. त्यांनी हात काढून घेतला आणि ते हात जोडून आबासाहेबांच्या वाटेत उभे राहिले. आबासाहेबांनी 'काय, सर?' एवढं विचारलं असतं तर सर सगळं सांगणार होते. आबासाहेबांनी विचारलं नाही. सचिव म्हणाले, "बाजूला व्हा, फोटो घ्यायचाय." सर बाजूला झाले.

नारळ फुटला. आबासाहेबांनी पहिलं एंटर दाबलं. पडद्यावर प्रश्न आला. त्यांनी तो वाचला नाही. फोटोग्राफरकडं बघत आणखी एकदा दाबलं. आता सचिव माइक घेऊन उभेच होते. पडद्यावर मराठीत काहीतरी उमटलं, म्हणजे स्वागताचा मजकूर असणार, अशा समजुतीनं त्यांनी ते खणखणीत आवाजात वाचलं: "थांबलो आहे! दोघांनी हात घातलाय! बोलून घ्या!"

कर्ण्यांतून ते वाक्य ऊस टाकायच्या गव्हाणीवर गेलं, बॉयलरवर गेलं, उसाच्या फडात गेलं. आबासाहेब एका टोकाला, नाना दुसऱ्या टोकाला, मधल्या खुर्चीवर हार. आणि मागून, गाड्यांच्या रांगेतून, एका म्हाताऱ्या गाडीवानाचा आवाज आला, "आवं, मंग बोला की!"

हसण्याची जी लाट उठली तिच्यात हलगीवाल्यानं चुकून एक ठोका दिला. आबासाहेब एका बाजूनं उतरून गेले, नाना दुसऱ्या बाजूनं. त्या दिवशी काटा हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर चालला.

मग आम्ही निरोपाची वाट पाहत बसलो. निरोप आला नाही. पहिल्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही. सर रोज वेळेवर येत, कडू चहा पीत, खिडकीत बसत. एक दिवस ते काकूंच्या जुन्या लुगड्यांचे शिवलेले अभ्रे घेऊन आले आणि मशीनवर घालायला लागले.

"हे काय, सर?" मी विचारलं.

"काही न सांगितल्यास नाही. आबासाहेबांनी काही सांगितलं नाही. उत्तर मिळालं."

मन्मथ दारात उभा होता. मी त्याला सरांवर आवाज चढवताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "तुमी जाऊन इचारलं का?"

"त्यांना वाटलं तर ते बोलावतील."

"सर, माफ करा, पर तुमच्यापरीस तुमची जुळणी शानी हाय! ती थांबती आन् म्हनती, बोलून घ्या. तुमी नुस्तेच थांबता! स्टेजवर बी हात जोडून हुबे राहिलात. इचारतील मंग सांगू! आयुष्यभर कडू च्या प्यायलात, पर त्या टपरीवाल्याला साखर मागितली न्हाई. अर्धाच प्रोग्राम चालवताय तुमी!"

मला वाटलं, संपलं. सरांच्या हातात अभ्र्याची नाडी तशीच राहिली. मग त्यांनी अभ्रा काढला, घडी घातली आणि मला म्हणाले, "एसटी किती वाजता आहे?"

आबासाहेब त्यांच्या घराच्या ओट्यावर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. आम्हाला बसा म्हणाले नाहीत. सर बसले. "आधी तुमची बाजू मी सांगतो," ते म्हणाले. "चूक असेल तर थांबवा."

अडकित्ता थांबला.

"ट्रॅक्टर आधी घेतला तर एका खेपेला जास्त ऊस येतो. गव्हाण रिकामी पडली तर बॉयलर थंड होतो, तो परत तापवायला अर्धा दिवस जातो. तेवढ्यात शेजारचा कारखाना आपल्या हद्दीतला ऊस ओढून नेतो. मग लोक म्हणणार, चेअरमनला कारखाना चालवता येईना. असंच ना?"

आबासाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला. "हां. असंच," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "हे त्या नान्याला कुनी सांगत न्हाई."

"आता नानांची बाजू तुम्ही सांगा."

"मी? मी कावून सांगू?"

सर गप्प. पण या वेळचं गप्प बसणं वेगळं होतं. ते वाट बघणारं होतं. आबासाहेबांनी सुपारी तोंडात टाकली, चघळली, रस्त्याकडं पाहिलं. "बैलं," ते शेवटी म्हणाले. "गाडी भरलेली आसली की मानंवरचं जू काढता येत न्हाई. हुबंच राहावं लागतं त्येंला. माझ्या बापाबरोबर मी गाडी घेऊन गेलतो पूर्वी, दुसऱ्या कारखान्यावर. लई हाल व्हत्यात." मग एकदम आवाज चढवून, "पर नानाशी मी बोलणार न्हाई! तुमी जावा त्याच्याकडं, आन् माझी बाजू त्याच्या तोंडून वदवून घ्या. ती ऐकायला मी मागून येतो."

"जातो," सर म्हणाले. "आणि प्रोग्राम?"

"थांबू द्या त्याला. थांबला त्याचं मला काय न्हाई. पर मास्तर, मांडवात थांबला व्हो तुमचा प्रोग्राम! आदल्या दिशी माझ्या हाफिसात थांबला आसता, तर मी दार लावून बोललो आसतो."

सरांनी मान खाली घातली. मला वाटलं ते वाद घालतील. "हे बरोबर आहे," ते म्हणाले. "थांबायचं कुठं, हे मी ठरवलंच नव्हतं. जुळणी आदल्या दिवशी चालेल, तुमच्या ऑफिसात, दोघांच्या समोर. काट्यावर फक्त जुळलेलंच जाईल."

"मग करा बाकीचं बी काम," आबासाहेब म्हणाले आणि अडकित्ता पुन्हा उचलला. "बसा, च्या येतोय."

तो चहा आला तो काळाकुट्ट आणि गोडमिट्ट. सरांनी तो संपवून कपातला साखरेचा थर बोटानं पुसून खाल्ला. मी दुसरीकडं पाहिलं.

आष्टीच्या स्टँडवर उतरलो तर मन्मथ टपरीवर वाट बघत बसलेला. सरांचा चेहरा बघूनच त्याला समजलं. त्यानं पठ्ठ्यानं टपरीवरची बरणी उचलून मला एक अख्खा पेढा भरवला. सर बाकावर बसले. टपरीवाल्यानं न विचारता त्यांचा कडू चहा पुढं केला. सर त्याच्याकडं बघत राहिले, बघत राहिले, आणि एखाद्या मुलीला मागणी घालावी तसे लाजत म्हणाले, "थोडी साखर घालतोस का?"

टपरीवाल्यानं चमचा हातात घेतला आणि आमच्या दोघांकडं पाहिलं. कुणी हसलं नाही.

त्या एका चमच्यानं सरांना फारच जोर चढला. आम्हाला जेवायला घरी घेऊन गेले. वाटेत म्हणाले, "बोलावं लागतं रे. इतकं काही अवघड नाही." उंबऱ्यातूनच त्यांनी आवाज दिला, बहुतेक लग्नानंतर पहिल्यांदाच, "अगं, ऐकतेस का? आज पिठलं नको. आज भरल्या वांग्याची भाजी कर!"

आतून काकू पदराला हात पुसत आल्या. त्यांनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जणू ताप आहे का बघतायत. मग बाहेरच्या अंधाराकडं बोट दाखवलं.

"दिवस कवाच मावळला," त्या म्हणाल्या. "पिठलं झालंय. पर उद्याचं आत्ताच सांगितलंत, ते बरं केलंत. आता हात धुवा."